आधी डिस्क पाहा, मग प्लेअर

घरातला डीव्हीडी प्लेअर डिस्क ओढेनासा झाला की प्रश्न उभा राहतो: पुन्हा साधाच घ्यावा, की वर पैसे घालून हाय डेफिनिशनचा ब्लू-रे प्लेअर आणावा? सल्ले बहुधा एकाच बाजूनं येतात. ब्लू-रे नवा, त्याचं चित्र स्वच्छ, शिवाय त्यात डीव्हीडीही चालते, मग खालचं कशाला घ्यायचं? ज्याच्याकडे ब्लू-रेवरचे चित्रपट आहेत त्याला हा सल्ला बरोबर लागू पडतो. जळगाव-धुळ्याकडच्या घरांतली कपाटं मात्र वेगळ्या डिस्कांनी भरलेली असतात. लग्न-साखरपुड्याच्या डिस्क, अहिराणी गाण्यांच्या आणि विनोदी प्रसंगांच्या व्हीसीडी, कानबाईची गाणी, कीर्तनं आणि अधूनमधून एखादा हिंदी-मराठी चित्रपट. प्लेअर कोणता घ्यायचा हे या कपाटानं ठरवायला हवं. खोक्यावर छापलेल्या आकड्यांवरून ते ठरवलं की पैसे जातात आणि नेमकी जी डिस्क पाहायची असते ती चालत नाही.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज हा की हाय डेफिनिशन प्लेअरमध्ये घातलेली कुठलीही डिस्क हाय डेफिनिशन दिसते. वस्तुस्थिती आकड्यांतच स्पष्ट होते. आपल्याकडच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे साधारण एक लाख ठिपक्यांचं. डीव्हीडीचं ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १५ हजारांच्या आसपास. ब्लू-रेचं १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. डीव्हीडीच्या बरोबर पाचपट. तिन्ही डिस्क १२ सेंटिमीटरच्याच, दिसायलाही सारख्या. फरक पडतो तो वाचणाऱ्या किरणामुळे. डीव्हीडी वाचणारा तांबडा लेसर ६५० नॅनोमीटरचा असतो, ब्लू-रेचा निळा-जांभळा लेसर ४०५ नॅनोमीटरचा. तो जास्त बारीक ठिकाणी एकवटतो, म्हणून त्याच्यासाठी खुणाही जास्त दाट कोरता येतात आणि डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावत असेल तर ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतं. पण डीव्हीडी घातल्यावर हा निळा लेसर कामाचाच नसतो. ब्लू-रे प्लेअरमध्ये त्यासाठी तांबड्या लेसरची वेगळी सोय केलेली असते आणि तो जे चार लाख ठिपके वाचतो, तेवढेच हातात येतात. बाकीचे सोळा लाख प्लेअर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानं भरतो. याला अपस्केलिंग म्हणतात. अंदाजानं भरलेल्या ठिपक्यांत नवरीच्या शालूवरची जर दिसू लागत नाही, कारण ती डिस्कवर उतरलेलीच नसते. साध्या डीव्हीडी प्लेअरच्या खोक्यावर १०८० हा आकडा असतो तोही याच अंदाजाचा. आणि हे काम आजचा कुठलाही एलईडी टीव्ही स्वतःच करतो, नाहीतर डीव्हीडीचं चित्र त्याच्या पडद्यावर पूर्ण भरलंच नसतं.

यातूनच उलट बाजूचा गैरसमज जन्मतो: जुनं ते धूसरच, त्याला हाय डेफिनिशनचा उपयोग नाही. हेही खरं नाही. चित्रात किती बारकावा आहे हे वर्षावर नव्हे, ते कशावर टिपलं यावर अवलंबून असतं. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९५५चा. तो फिल्मवर चित्रित झाला होता आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये डीव्हीडीत मावणार नाही इतका तपशील असतो. १९९३मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगीत ‘पथेर पांचाली’ जिचा भाग आहे त्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्हचं मोठं नुकसान झालं. तरी त्यातून वाचलेल्या भागावरून ती फोर-के दर्जात पुन्हा उभी करण्यात आली आणि २०१५मध्ये ब्लू-रेवर आली. आता शेजारच्या मालेगावचा ‘मालेगाव के शोले’ घ्या. तो २०००चा, पंचेचाळीस वर्षांनी धाकटा. नासिर शेख यांनी तो साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर केला. धुळ्यापासून जवळ असलेल्या या यंत्रमागांच्या गावात छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर एक अख्खा चित्रपटउद्योग उभा राहिला, फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट त्यावरच आहे. या चित्रपटांची जिद्द मोठी आहे, पण त्यांचं मूळच व्हिडिओ टेप. ते ब्लू-रेवर घातले तरी टेपवर होतं त्यापेक्षा जास्त काही दिसणार नाही. खान्देशातल्या लग्नांचंही तसंच. २०००च्या आधीची बहुतेक व्हीएचएसवर, नंतरची काही वर्षं मिनी डीव्ही टेपवर. मिनी डीव्हीचं चित्र मुळातच ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे डीव्हीडीइतकंच. त्या काळातल्या लग्नाच्या डिस्कसाठी डीव्हीडी प्लेअर हे कमी दर्जाचं यंत्र नाही, ते तिच्या मापाचंच यंत्र आहे.

यावर एक हरकत घेतली जाते आणि ती खोटी नसते: ब्लू-रे प्लेअर आणल्यावर तीच डीव्हीडी खरंच स्वच्छ दिसू लागली. दिसते, पण श्रेय बहुतेक वेळा वायरचं असतं. जुना प्लेअर टीव्हीला पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या वायरनं जोडलेला असतो. पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र मिसळून जातात, टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात आणि त्यात कडा थरथरतात, तांबडा रंग पसरतो. ब्लू-रे प्लेअर एचडीएमआय वायरनं जोडला जातो, तिथे हा घोटाळा होत नाही. एचडीएमआय असलेला साधा डीव्हीडी प्लेअर घेतला तर ही सुधारणा बरीचशी तिथेच मिळते. ब्लू-रे प्लेअरचा एक खरा फायदा मात्र मान्य करायला हवा. टेपवरचं चित्र सम-विषम ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत टिपलेलं असतं. ती नीट सांधली नाहीत तर नाचणाऱ्या माणसाच्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. चांगला ब्लू-रे प्लेअर ही सांधणी बऱ्याचदा जास्त सफाईनं करतो. अजून एक दोष तर दोन्ही प्लेअरच्या पदरी उगाच टाकला जातो. जुन्या लग्नातली माणसं रुंद, चपटी दिसतात ती टीव्ही चौकोनी चित्र आडवं ताणतो म्हणून. टीव्हीच्या मेनूत चित्राचं प्रमाण ४:३ केलं की माणसं पुन्हा माणसांसारखी दिसतात आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

‘ब्लू-रेमध्ये सगळंच चालतं’ हे वाक्य खान्देशात सर्वांत महाग पडू शकतं. डीव्हीडी जवळपास सगळ्या ब्लू-रे प्लेअरमध्ये चालते, हे खरं. व्हीसीडीचं तसं नाही. व्हीसीडी वाचण्याची सोय काही ब्लू-रे प्लेअरमध्ये असते, काहींत नसते, आणि आपल्याकडचा अहिराणी गाण्यांचा, तमाशाचा, गावच्या कार्यक्रमांचा जुना ठेवा मोठ्या प्रमाणात व्हीसीडीवर आहे. एका डिस्कवर जेमतेम ७४ मिनिटं मावत, तीन तासांच्या चित्रपटाला तीन डिस्क लागत. तरी ती स्वस्त होती, म्हणून घराघरात गेली. २००७मध्ये मोझर बेअर कंपनीनं चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्यावर तर दोन्ही भाजीच्या पिशवीत जाण्याइतक्या स्वस्त झाल्या. त्या व्हीसीडी पाहायच्या असतील तर खोक्यावर ‘व्हीसीडी’ ही अक्षरं शोधायला हवीत. आपल्याकडच्या साध्या डीव्हीडी प्लेअरवर ती बहुधा असतात. दुसरी अडचण टीव्हीची. ज्या घरात अजून जुना, फुगीर काचेचा टीव्ही आहे तिथे नवा ब्लू-रे प्लेअर सरळ जोडताच येत नाही. नक्कल थांबवण्यासाठी केलेल्या परवान्याच्या नियमांमुळे २०१४पासून बनलेल्या ब्लू-रे प्लेअरना ब्लू-रे चित्रपटाचं चित्र पिवळ्या वायरीतून बाहेर देता येत नाही, त्यामुळे कंपन्यांनी ते तोंडच काढून टाकलं. मध्ये जोडायची डबी मिळते, पण तिच्यातून चित्र पुन्हा जुन्या दर्जावर उतरतं, मग ब्लू-रेचे पैसे कशाचे? तिसरी अडचण अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांनी आणलेल्या डिस्कांची. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडलेले आहेत, अमेरिका ‘ए’मध्ये आणि भारत ‘सी’मध्ये. वर सांगितलेली अपू चित्रत्रयी अमेरिकेत ‘ए’ विभागासाठी निघाली. ती इथल्या प्लेअरमध्ये घातली तर चित्राऐवजी सूचना दिसते. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कांना हे विभाग नाहीत, पण त्यांना प्लेअरही वेगळा लागतो.

मग ब्लू-रे घ्यावाच कोणी? ज्याच्याकडे ब्लू-रे डिस्क आहेत किंवा जो त्या मागवणार आहे, आणि ज्याचा टीव्ही मोठा आहे, त्यानं जरूर घ्यावा. धड नजरेच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखता येतं. या हिशेबानं ३२ इंची टीव्हीपासून आठ फुटांपलीकडे बसलं की डीव्हीडीच्या ओळीही सुट्या दिसत नाहीत, म्हणजे ब्लू-रेचा जादा बारकावा डोळ्यापर्यंत पोचतच नाही. ५५ इंची टीव्हीला ही सीमा तेरा फुटांच्या पुढे जाते. दहा बाय बाराच्या खोलीत ५५ इंची टीव्ही लावला असेल तर डीव्हीडीची मर्यादा रोज दिसेल आणि ब्लू-रे तिथे स्वच्छ उठून दिसेल. ‘यूट्यूब आणि ओटीटी असताना ब्लू-रे कशाला’ या हरकतीलाही इथेच उत्तर आहे. नेटफ्लिक्स १०८० दर्जासाठी सेकंदाला ५ मेगाबिट वेगाचं इंटरनेट पुरेसं सांगतं. ब्लू-रेवरचं चित्र सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतं. अंधारातले प्रसंग, धूर, पाऊस यांत हा फरक मोठ्या पडद्यावर नीट कळतो. चित्रपट मन लावून पाहणाऱ्यासाठी हा खर्च वाया जाणारा नाही.

डिस्कचा जमानाच संपला, आता कुठलाच प्लेअर नको, असंही ठामपणे सांगितलं जातं. धंदा आटला आहे, यात शंका नाही. मोझर बेअर २०१८मध्ये दिवाळखोरीतून अवसायनात गेली. सोनीनं फेब्रुवारी २०२५मध्ये ब्लू-रेच्या कोऱ्या डिस्कांचं उत्पादन थांबवलं. ‘सोनीनं ब्लू-रे बंद केलं’ ही बातमी त्यावरूनच पसरली, पण थांबल्या त्या नोंद करायच्या कोऱ्या डिस्क, चित्रपटाच्या छापील डिस्क नव्हेत. नवी अहिराणी गाणी आता थेट यूट्यूबवर येतात, ‘बबल्या इकस केसावर फुगे’ लाखो लोकांनी मोबाईलवरच पाहिलं. पण २००६च्या अमळनेरच्या एखाद्या लग्नातली वरात यूट्यूबवर नाही. आजी गेली, तिचा आवाज त्या एका डिस्कवर आहे. ती वाचायला यंत्र लागणारच, आणि लवकर लागणार. घरच्या लग्नाची डिस्क कारखान्यात छापलेली नसते. तिच्यात रासायनिक रंगाचा पातळ थर असतो, लेसर त्यावर नोंद करतो, आणि उष्णता व ऊन या दोन्हींनी तो थर फिका पडतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या डिस्कांना त्याहून जास्त सोसावं लागतं. डिस्क खालच्या थंड खोलीत, उभी, अंधारात ठेवायला हवी, आणि चालते आहे तोवर तिची नक्कल हार्ड डिस्कवर घ्यायला हवी. ती नक्कल आहे तशी, सगळ्या फायलींसकट घ्यावी. पुन्हा दाबून छोटी केली तर असलेले चार लाख ठिपकेही निम्म्या मोलाचे होतात.

एक गोष्ट या सगळ्यापेक्षा तातडीची आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. २०१०च्या आसपास लग्नाचं चित्रण हाय डेफिनिशन कॅमेऱ्यांवर होऊ लागलं, पण घराघरात प्लेअर डीव्हीडीचाच असल्यानं स्टुडिओवाले ते डीव्हीडीच्या दर्जावर उतरवून देत. काही स्टुडिओंनी साध्या डीव्हीडीवरच हाय डेफिनिशन फाईल भरून दिली. ‘आमची डिस्क खराब निघाली’ म्हणून बाजूला ठेवलेल्या डिस्कांत अशाही सापडतात. त्या डीव्हीडी प्लेअरमध्ये उघडत नाहीत, ब्लू-रे प्लेअरमध्ये किंवा संगणकावर उघडतात. २०१० नंतरच्या लग्नाची साधी डीव्हीडी हातात असेल, तर प्लेअर निवडण्याआधी ज्या स्टुडिओनं चित्रण केलं त्याच्याकडे मूळ फाईल मागावी. स्टुडिओ जागा भरली की जुन्या हार्ड डिस्क पुसतात. मूळ फाईल मिळाली तर ती पेन ड्राइव्हवरून टीव्हीलाच लावता येते आणि पाचपटीपर्यंत बारकाव्यानं दिसते. तेवढ्यासाठी ब्लू-रे प्लेअर घ्यायची गरज उरत नाही.