सतरा जानेवारी आणि आकड्यांचं शेवटचं स्टेशन

संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झालेले असतात. तिळगुळाच्या डब्यात तळाशी थोडा चुरा उरलेला असतो, मांजा गुंडाळून ठेव म्हणून आई मागे लागलेली असते, आणि कॅलेंडरवर १७ जानेवारी उजाडते. सुट्टी नाही, सण नाही. पण दोस्तांनो, या एका चौकोनात विज्ञानातली आणि गणितातली इतकी माणसं दाटीवाटीनं बसली आहेत की कुणापासून सुरुवात करावी असा प्रश्न पडतो. पतंगाचे दिवस आहेत, तर पतंगवाल्यापासूनच करू.

बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेतल्या बोस्टन गावी १७०६ साली जन्मले. आकाशात कडाडते ती वीज आणि काचेची नळी घासल्यावर उडणारी ठिणगी ही एकच गोष्ट आहे, असं त्यांना वाटत होतं. ते पडताळून बघायला त्यांनी जून १७५२ मध्ये गडगडणाऱ्या ढगांत रेशमी पतंग सोडला. दोऱ्याच्या खालच्या टोकाला धातूची किल्ली बांधली होती. दोरा भिजला, ढगांतला विद्युतभार त्यातून खाली उतरला, आणि फ्रँकलिननी बोट किल्लीजवळ नेताच ठिणगी उडाली. त्यांचं नशीब थोर, की खुद्द वीज पतंगावर कोसळली नाही. पुढच्याच वर्षी रशियात सेंट पीटर्सबर्गला गेऑर्ग रिचमान नावाचे शास्त्रज्ञ अशाच विजेच्या प्रयोगात जिवाला मुकले. तेव्हा ढग गडगडायला लागले की पतंग उतरवायचा आणि घरात यायचं! उंच इमारतींवर टोकदार सळई दिसते ना, विजेला सुरक्षितपणे जमिनीत पोचवणारी? ती युक्ती फ्रँकलिन यांचीच.

आता एक गंमत. फ्रँकलिन जन्मले तेव्हा बोस्टनमध्ये १७ नव्हे, ६ जानेवारी होती! इंग्लंड आणि त्याच्या वसाहती त्या काळी जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत. त्यात वर्ष बरोबर ३६५ दिवस ६ तासांचं धरलेलं. खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण शेकडो वर्षं ती साठत गेली आणि कॅलेंडर ऋतूंच्या मागे पडलं. १७५२ साली इंग्रजांनी ते एकदाचं सुधारलं. लोक २ सप्टेंबरच्या रात्री झोपले आणि उठले ते थेट १४ सप्टेंबरला. मधल्या अकरा तारखा गायब. त्याच हिशेबानं फ्रँकलिन यांचा वाढदिवस ६ वरून १७ जानेवारीला सरकला.

या माणसाला आकड्यांचाही नाद होता. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात ते लेखनिक होते आणि तिथली लांबलचक भाषणं ऐकून कंटाळा आला की ते कागदावर जादूचे चौरस मांडत बसायचे. त्यांच्या एका चौरसात १ ते ६४ हे आकडे आठ ओळींत बसवले आहेत. पहिली ओळ बघा : ५२, ६१, ४, १३, २०, २९, ३६, ४५. बेरीज २६०. पहिल्या चारांची बेरीज १३०, उरलेल्या चारांचीही १३०. आडव्या-उभ्या सगळ्या ओळींचं असंच आहे.

फ्रँकलिन हयात असतानाच, १७ जानेवारी १७७३ रोजी, कॅप्टन जेम्स कुक यांच्या ‘रेझोल्युशन’ जहाजानं दक्षिण ध्रुववृत्त ओलांडलं. त्याआधी कुणी ते ओलांडल्याची नोंद नाही. तिथे तेव्हा ऐन उन्हाळा होता, तरी समोर बर्फच बर्फ. जहाज मागे वळवावं लागलं. प्यायच्या पाण्याची मात्र चिंता नव्हती. त्या सफरीत खलाशी समुद्रात तरंगणारे बर्फाचे तुकडे उचलून वितळवत आणि ते पाणी गोडं निघे, कारण हिमनग म्हणजे जमिनीवर पडलेल्या बर्फाचेच तुटलेले कडे.

कुक निघाले होते दक्षिणेचा खंड शोधायला, तर क्लाइड टॉम्बॉ निघाले नवा ग्रह शोधायला. कॅन्सस राज्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. शेतीच्या यंत्रांचे आणि जुन्या मोटारीचे सुटे भाग जोडून तो घरीच दुर्बिणी बनवायचा. त्यातून पाहिलेल्या मंगळाची आणि गुरूची चित्रं त्यानं लॉवेल वेधशाळेला पाठवली आणि तेवढ्यावर त्याला तिथे नोकरी मिळाली. काम मोठं किचकट : आकाशाच्या एकाच भागाचे दोन वेगवेगळ्या रात्रींचे फोटो आलटून पालटून बघायचे. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका उडी मारताना दिसला तर तो पकडायचा. १८ फेब्रुवारी १९३० रोजी २४ वर्षांच्या टॉम्बॉला असा ठिपका सापडला. तो प्लूटो! नाव सुचवलं इंग्लंडमधल्या अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीनं. टॉम्बॉ १७ जानेवारी १९९७ ला वारले. पुढे ‘न्यू होरायझन्स’ यान प्लूटोकडे निघालं तेव्हा त्यांच्या थोड्या अस्थी त्यात ठेवल्या होत्या. यान उडायचं होतं १७ जानेवारी २००६ ला, म्हणजे फ्रँकलिन यांच्या तीनशेव्या वाढदिवशी आणि टॉम्बॉंच्या स्मृतिदिनी. पण वारा जोराचा होता. शेवटी ते १९ तारखेला उडालं आणि जुलै २०१५ मध्ये प्लूटोजवळून गेलं.

हे सगळं वाचून १७ जानेवारीत काही जादू आहे असं वाटेल. तशी ती नाही. वर्षात तारखा जास्तीत जास्त ३६६ आणि जगात घडलेल्या मोठ्या गोष्टी हजारो. कुठलीही तारीख घ्या, तिच्यात गर्दी होणारच. हा योगायोग. पण आता ज्यांच्याकडे आपण जातोय, त्यांनी आकड्यांत जे दाखवलं तो योगायोग मुळीच नाही.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, आपल्या डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली, वडील कारकून. ठाण्याला शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. १९३० पासून ते नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत मास्तरच राहिले. ना मोठी पदवी, ना विद्यापीठातली खुर्ची. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५! अशा संख्या त्यांच्याच नावानं, कापरेकर संख्या म्हणून ओळखल्या जातात. काही गणितज्ञांना हा नुसता पोरखेळ वाटे. गुरुजी मात्र पदरचे पैसे घालून छोट्या पुस्तिका छापत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. मला विचाराल तर कॅलेंडरच्या त्या चौकोनातला सगळ्यात मोठा उत्सव यांचाच व्हायला हवा.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध, १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलेला, तुमच्या वहीच्या एका पानात मावतो. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग लहानाकडून मोठ्याकडे. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जी वजाबाकी येईल तिचं पुन्हा तसंच. शून्य आलं तर ते टाकायचं नाही, तोही अंकच.

गुरुजींचं जन्मसाल १९०५ घेऊ :

९५१० – ०१५९ = ९३५१
९५३१ – १३५९ = ८१७२
८७२१ – १२७८ = ७४४३
७४४३ – ३४४७ = ३९९६
९९६३ – ३६९९ = ६२६४
६६४२ – २४६६ = ४१७६
७६४१ – १४६७ = ६१७४

आता ६१७४ चं करा. पुन्हा ७६४१ – १४६७, पुन्हा ६१७४! गाडी इथेच थांबली, पुढे रूळच नाहीत. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत याच स्टेशनात यावं लागतं. म्हणून ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

फ्रँकलिनचं १७०६ घाला : ७६१० – ०१६७ = ७४४३. अरे, हे तर वरच्या यादीत तिसरं आहे! म्हणजे इथून पुढचा सगळा रस्ता गुरुजींचाच. टॉम्बॉंचं १९९७ घाला : ९९७१ – १७९९ = ८१७२. हेही यादीत आहे! कर्जतहून आणि कसाऱ्याहून निघालेल्या लोकल कल्याणला येऊन एकाच मार्गाला लागतात ना, तशी ही सालं एकमेकांना भेटतात. कुकचं १७७३ मात्र वेगळ्या वाटेनं जातं : ६३५४, ३०८७, ८३५२ आणि चौथ्या वजाबाकीत ६१७४.

असं का होतं? १९०५ ची दुसरी पायरी, ९५३१, आणि १९९७ ची पहिली, ९९७१, शेजारीशेजारी लिहा. टोकाच्या अंकांमधला फरक काढा : ९ वजा १, दोन्हीकडे ८. मधल्या अंकांमधला फरक काढा : ५ वजा ३ म्हणजे २, आणि ९ वजा ७ म्हणजेही २. झालं! या खेळात वजाबाकीला एवढंच ठाऊक असतं. टोकाच्या फरकाला ९९९ नं गुणा, मधल्या फरकाला ९० नं गुणा, बेरीज करा. आठ गुणिले नऊशे नव्व्याण्णव म्हणजे ७९९२, त्यात १८०, आले ८१७२. बाकी अंक कुठलेही असोत, वजाबाकीवर त्यांचा काही परिणाम नाही.

टोकाचा फरक १ ते ९ मधलाच काहीतरी असणार, आणि मधला फरक त्याच्याहून मोठा असूच शकत नाही. मोजून बघा, अशा जोड्या फक्त ५४ होतात. चार अंकी संख्या जवळजवळ दहा हजार, पण पहिल्या वजाबाकीनंतर त्यांच्यातून उरतात फक्त चोपन्न! मग त्या चोपन्न संख्यांना एकेक करून पुढे चालवायचं आणि सगळ्या कुठे पोचतात ते बघायचं. एका सुट्टीच्या दुपारचं काम. ९९९ आणि ९० दोन्ही नऊच्या पाढ्यातले, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक उत्तराला ९ नं भाग गेलाच पाहिजे. नाही गेला तर वजाबाकी चुकली, परत करा.

तीन अंकी संख्यांसाठीही असंच एक शेवटचं स्टेशन आहे, आणि ते मी सांगणार नाही. दोन अंकींना मात्र थांबाच नाही, त्या गोल गोल फिरत राहतात. कोणकोणत्या पाच संख्यांमधून फिरतात, ते तुम्ही शोधा.

आणि हो, तुमचं जन्मसाल! २०१४ वाल्यांचं मी करून पाहिलं. पहिली वजाबाकी ४०८६, दुसरी ८१७२. म्हणजे तुम्ही कापरेकर गुरुजींच्या मार्गावर, आणि पोचायला पूर्ण सात वजाबाक्या. २०१६ वाल्यांची पहिली वजाबाकी ६०८४. अंक तेच, त्यामुळे तेही तुमच्याच गाडीत. २०१३ वाले तिसऱ्याच वजाबाकीत पोचतात. २०१५ वाल्यांनो, तुम्हालाही सात लागतील, पण तुमची वाट निराळी आहे. तिसऱ्या वजाबाकीला थांबा आणि आलेले चार अंक नीट बघा. वर सांगितलेल्या एका सालाचेच ते अंक आहेत. कुणाचं साल, ते शोधा.