क्रिएटिनिन १.१, पण कोणाचे?

किडनीचे काम रक्तावरून जोखताना आधी पाहिले जाते ते क्रिएटिनिन. स्नायूंतील क्रिएटिनपासून ते रोज जवळजवळ सारख्याच प्रमाणात तयार होते आणि लघवीवाटे बाहेर पडते. किडनीचे गाळणे मंदावले की रक्तातली त्याची पातळी चढते. पिक्रिक आम्लाशी त्याचा नारिंगी-लाल रंग येतो, हे माक्स याफे यांनी १८८६ मध्ये नोंदवले; त्याच पद्धतीवर आजही अनेक लॅब चालतात.

मात्र हा आकडा उशिरा जागा होतो. किडनीची निम्मी क्षमता गेली तरी तो ‘नॉर्मल’ राहू शकतो. म्हणून वय आणि लिंग धरून ई-जीएफआर, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या गाळणीचा अंदाज, काढतात. २०२१ च्या सूत्राने १.१ क्रिएटिनिन असलेल्या २५ वर्षांच्या तरुणाचा ई-जीएफआर ९५ च्या आसपास येतो. सत्तरीच्या बाईचा ५४. तीन महिने ६० च्या खाली राहिला तर तो दीर्घकालीन किडनीविकार. अंगात मांस कमी असलेल्या शाकाहारी माणसाचे क्रिएटिनिन मुळातच कमी, त्यामुळे हे सूत्र त्याला उगाच चांगले गुण देते. तिथे स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली सिस्टॅटिन-सी चाचणी उपयोगी. पण ती महाग.

क्रिएटिनिन वाढले म्हणजे किडनी बिघडलीच, असेही नाही. फैजपूर हे यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातले गाव. इथल्या मे महिन्यात दिवसभर बागेत राबलेल्या मजुराच्या अंगातले पाणी आटते. मग रक्तातले युरिया आणि क्रिएटिनिन तात्पुरते वाढतात, युरिया अधिक. असा रिपोर्ट पाणी भरून निघाल्यावर पुन्हा तपासावा लागतो.

पोटॅशियमचे महत्त्व तर इथे वेगळे सांगायला नको. १०० ग्रॅम केळ्यात ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. थकलेल्या किडनीला ते पुरेसे बाहेर टाकता येत नाही आणि रक्तातली पातळी ६ च्या पुढे गेली की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. तरीही क्रिएटिनिन वाढले म्हणून सरसकट केळी बंद करण्याचे कारण नाही. ते पोटॅशियम पाहून ठरते. नमुना लॅबपर्यंत पोचताना तांबड्या पेशी फुटल्या तर हाच आकडा खोटाच वाढलेला दिसतो.

मधुमेहात बहुधा किडनीची इजा आधी लघवीतल्या अल्ब्युमिनमधून कळते. तोवर ई-जीएफआर उत्तम असू शकतो. त्यामुळे मधुमेहींना वर्षातून एकदा रक्ताबरोबर लघवीही तपासायला सांगतात.