काष्ठोत्कीर्ण चित्रे, एकोणिसाव्या शतकातील

लाकडी ठोकळ्याच्या आडछेदावर चित्र कोरून त्याचा कागदावर घेतलेला छाप म्हणजे काष्ठोत्कीर्ण चित्र. एकोणिसाव्या शतकातील कलाविषयक व सचित्र नियतकालिकांत, तसेच प्रवासवर्णने व पुरातत्त्वीय ग्रंथ यांत हे माध्यम विपुल प्रमाणात वापरले गेले. अजिंठ्याच्या (छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचा औरंगाबाद जिल्हा) भित्तिचित्रांच्या अभ्यासात त्यास विशेष महत्त्व आहे. कारण या चित्रांच्या पहिल्या मोठ्या प्रतिकृतिसंग्रहाचा बहुतेक भाग नष्ट झाला असून त्यातील काही प्रतिकृतींची कल्पना अशा छापांवरूनच करता येते.

तंत्र : जुन्या पद्धतीच्या काष्ठठशात फळीच्या तंतूंना समांतर असा पृष्ठभाग चाकूने कोरीत. त्यात बारीक रेषा टिकत नसे. इंग्रज कलावंत टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) याने बॉक्सवुडसारख्या कठीण लाकडाच्या आडछेदावर ब्युरीन या अणकुचीदार हत्याराने कोरण्याची पद्धत विकसित केली. कोरलेला भाग छापात पांढरा राहतो व उरलेल्या उंच भागाला शाई लागते. ठोकळ्याची उंची छपाईच्या खिळ्यांइतकी ठेवीत असल्याने चित्र व मजकूर एकाच यंत्रावर, एकाच वेळी छापता येई. ताम्रपटावरील वा पोलादी पटावरील चित्रास मात्र वेगळे यंत्र लागे. बॉक्सवुडचे खोड अरुंद असते. म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक लहान ठोकळे जोडीत व ते सुटे करून निरनिराळ्या कारागिरांकडे कोरण्यास देत. यामुळे ताज्या घडामोडींची चित्रे अल्पावधीत तयार होऊ लागली.

नियतकालिकांतील प्रसार : लंडनच्या पेनी मॅगझीनने (१८३२) हे माध्यम सामान्य वाचकांपर्यंत नेले. इलस्ट्रेटेड लंडन न्यूज (१८४२) व पॅरिसचे लिलुस्त्रास्याँ (१८४३) ही सचित्र साप्ताहिके त्यावरच उभी राहिली. १८३९ मध्ये निघालेले आर्ट युनियन हे मासिक १८४९ पासून आर्ट जर्नल या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. त्यात पूर्ण पृष्ठाची चित्रे पोलादी पटावरून व मजकुरातील चित्रे काष्ठोत्कीर्णनाने छापीत. डॅल्झिएल बंधूंसारख्या संस्थांनी या कामाला व्यवसायाचे रूप दिले. भारताविषयीची चित्रेही परदेशी वाचकांसमोर बव्हंशी याच मार्गाने आली. लुई रूसले याचा भारतप्रवासाचा वृत्तांत ल तूर द्यू माँद या फ्रेंच नियतकालिकात अशाच चित्रांसह प्रसिद्ध झाला व १८७५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला.

अजिंठ्याची चित्रे : जेम्स फर्ग्युसनने १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांविषयी निबंध वाचून त्यांच्या रक्षणाची निकड मांडली. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये अजिंठ्यास नेमणूक केली. त्याने वर्षानुवर्षे खपून भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलरंगी प्रतिकृती तयार केल्या व त्या लंडनला पाठविल्या. यांपैकी बहुतेक सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित असताना डिसेंबर १८६६ च्या आगीत भस्मसात झाल्या, मोजक्याच वाचल्या. तत्पूर्वी, १८५६ मध्ये, श्रीमती स्पीअर यांच्या लाइफ इन एन्शंट इंडिया या ग्रंथासाठी जॉर्ज शार्फ (१८२०–९५) याने गिलच्या काही प्रतिकृतींवरून लाकडी ठोकळ्यांवर रेखाटने केली होती. त्यांचे छाप ग्रंथात असल्याने नष्ट झालेल्या कामाचा अल्पसा भाग शिल्लक राहिला. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी यांनी प्रतिकृतींचे काम नव्याने केले. त्यांतील अनेक प्रतिकृतींनाही १८८५ मध्ये लंडनमध्ये आग लागून हानी पोहोचली. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांच्या द केव्ह टेंपल्स ऑफ इंडिया या ग्रंथात अजिंठा व वेरूळच्या विवेचनाबरोबर मजकुरात अशी चित्रे आहेत.

मूल्यमापन : हे छाप पुरावा म्हणून वापरताना त्यांची घडण लक्षात घ्यावी लागते. मूळ भित्तिचित्र, गिलची प्रतिकृती, शार्फचे रेखाटन व कोरणाऱ्याचे काम अशा चार अवस्थांतून चित्र वाचकापर्यंत आले. या प्रक्रियेत आकार लहान झाला, रंग लोपला आणि छायाभेदाची जागा समांतर रेषांनी घेतली. ठोकळ्यावर चित्र उलटे न काढल्यास छापात डाव्याउजव्या बाजूंची अदलाबदल होते, हाही धोका असे. याउलट आकृतींची मांडणी, हावभाव, केशरचना व अलंकार यांची नोंद अशा छापांत बऱ्याच अंशी राहते. गिलने छायाचित्रेही घेतली व त्यांपैकी ७४ फर्ग्युसनच्या १८६४ मधील ग्रंथात आली. परंतु तत्कालीन छायाचित्रण तांबड्या रंगाला संवेदनक्षम नसल्याने गेरूचा विपुल वापर असलेल्या भित्तिचित्रांना ते पूर्ण न्याय देऊ शकत नव्हते.

छायाचित्रावरून थेट बनविलेले रेषाठसे व हाफटोन ठसे १८८० नंतर प्रचारात आले आणि शतकाच्या अखेरीस नियतकालिकांतून काष्ठोत्कीर्णन मागे पडले. पुढे ते स्वतंत्र कलाप्रकार म्हणून टिकले. जी चित्रे घाईने व विक्रीसाठी कोरली गेली, त्यांतील काही आज हरवलेल्या कलाकृतींचे उरलेले साक्षीदार ठरली आहेत.