आजी, अंग पुसते हं

नर्सिंग कॉलेजची बातमी पेपरात वर्षातून दोनदा येते. एकदा १२ मेला, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या वाढदिवशी, आणि एकदा पहिल्या वर्षाच्या मुलांचा दीपप्रज्वलन आणि शपथविधी असतो तेव्हा. फोटो दोन्ही वेळा सारखाच. पांढऱ्या गणवेशातल्या मुलींच्या रांगा, ओंजळीत पणत्या, कडेला चार-पाच मुलगे आणि मधोमध शाल-श्रीफळ सांभाळणारे प्रमुख पाहुणे. आई सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, त्यामुळे अशी कात्रणं जमवण्याचा नाद मला घरातूनच लागला. आता त्यांच्या दोन फायली झाल्यात.

त्या पणतीबद्दल एक सांगून टाकते, दिवाळी अंकच आहे म्हणून. समारंभाच्या बोधचिन्हांवर अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा चोचवाला दिवा असतो. नाइटिंगेलबाई १८५४मध्ये क्रिमियन युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानात स्कुटारीच्या इस्पितळात गेल्या, तेव्हा रात्री त्यांच्या हातात असायचा तो घडीचा तुर्की फानूस. आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा मावसभाऊ! आणि त्यांच्या नावाने घेतली जाते ती शपथही त्यांची नाही. ती १८९३मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका नर्सिंग शाळेत लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचली. असो.

गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमाला एका विद्यापीठाच्या नर्सिंग कॉलेजात गेले होते. साडेदहाची वेळ, अकरा वाजले तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. एक ट्यूटर मॅडम म्हणाल्या, "ताई, तोवर लॅब बघता का? चार पोरींचे डेमो राहिलेत, ते उरकायचेत मला."

लॅब म्हणजे खोटा वॉर्डच. ओळीने खाटा, सलाइनचे स्टँड, हिरवे पडदे, फिनाइलचा वास. खाटांवर गुलाबी रबरी माणसं. त्यातल्या एका बाईच्या कपाळावर मुलींनी टिकली लावली होती. तिचं नाव आजी. आजींना अंघोळ घालायची होती, म्हणजे स्पंजिंग. मुलीने पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं, पडदा ओढला, पंचा पिळून तळहाताला मोज्यासारखा गुंडाळला. मॅडमनी चेकलिस्टवर फुली मारली. मुलगी बावरली. पाणी कोमट, टॉवेल अंथरलेला, पडदा लावलेला; चुकलं काय?

"पेशंटला सांगितलंस का?"

मुलगी पुन्हा दारापर्यंत गेली आणि पुन्हा आली. "आजी, मी अंग पुसून देते हं. थंडी वाजली तर सांगा." आजी छताकडे बघत होत्या. मग डोळे पुसले, नाकाकडून कानाकडे, दुसऱ्या डोळ्याला पंचाचं दुसरं टोक. हात मनगटाकडून खांद्याकडे. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं. रबराच्या बाहुलीची अब्रू इतक्या जिवापाड जपताना मी प्रथमच पाहिलं. पणत्या हॉलमध्ये राहिल्या आणि मी त्या खोट्या वॉर्डात अडकले.

या बाहुल्यांची पणजी अमेरिकेतली. १९११ साली कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेच्या प्रमुख लॉडर सदरलँड पेंढा भरलेल्या बुजगावण्यांना कंटाळल्या होत्या. त्यांनी ऱ्होड आयलंडच्या पॉटकेट गावी कापडी बाहुल्या करणाऱ्या मार्था चेझ यांना मोठ्या माणसाएवढी बाहुली मागितली. मार्थाबाईंचे यजमान डॉक्टर होते, त्यामुळे मागणी समजायला वेळ लागला नसणार. पाच फूट चार इंच उंचीची, सांध्यांत वाकणारी बाई तयार झाली आणि करणारीच्या आडनावावरून मिसेस चेझ म्हणून नावारूपाला आली. पुढे तिच्या दंडात इंजेक्शन देण्याची सोय झाली, पोटात पाण्याची टाकीही आली. मी तिला चेझबाई म्हणते. 'मॅनिकिन' म्हटलं की मला साडीच्या दुकानाची काच आठवते.

पण चेझबाईही पहिली नव्हे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यू कुद्रे नावाची सुईण होती. पंधराव्या लुईने १७५९मध्ये तिला फर्मान दिलं की गावोगाव जाऊन बाळंतपणं शिकव. ती पाव शतकाच्या आसपास हिंडत राहिली, आणि बरोबर होतं 'यंत्र': कापड, चामडं आणि भुसा यांचं शिवलेलं ओटीपोट, त्यात नाळेसकट कापडाचं बाळ. बाळाच्या तोंडात बोट घालता येई, कारण पायाळू मूल सोडवताना ते करावं लागतं. त्यातलं एक यंत्र रुआँच्या संग्रहालयात आजही आहे. मी फक्त छायाचित्र पाहिलंय. टाके इतके बारीक, की सुईण नसती तर ही बाई उत्तम शिंपीण झाली असती असं वाटतं.

आणि आपला सुश्रुत? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्यासूत्रीय' नावाचा नववा अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. शास्त्र कितीही वाचलं तरी हाताने केल्याशिवाय शिष्य कामाचा नाही, ही त्यातली भूमिका. कापायचं शिकायला कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी. शिरा वेधायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. आणि पट्ट्या बांधायला 'पुस्तमय पुरुष', म्हणजे चक्क घडवलेला बाहुला. मंडईतली अर्धी भाजी सुश्रुताच्या लॅबमध्ये होती म्हणा ना. आईच्या वेळी इंजेक्शन मोसंब्यावर शिकत. सुई टोचून टोचून पाणी भरलेली ती मोसंबी पुढे कुणी खात असे का, हे तिने मला कधी सांगितलं नाही.

लॅबच्या कोपऱ्यात जमिनीवर नुसतं धड आणि डोकं होतं, मिटलेल्या डोळ्यांचं, ओठांवर पुसट हसू. ही अ‍ॅनी. हिची गोष्ट मी भेटेल त्याला सांगते. नॉर्वेत स्टाव्हँगरला आस्मुंड लार्डाल हे खेळणी बनवणारे गृहस्थ होते. १९५५मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा बुडता बुडता वाचला. त्यांनीच त्याला पाण्यातून ओढून काढलं आणि छातीतलं पाणी काढलं. काही वर्षांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत शिकवायला बाहुली हवी, म्हणून डॉक्टर त्यांच्याकडे आले. पुरुष बाहुल्याच्या तोंडाला तोंड लावायला पुरुष कचरतील, म्हणून बाई करायचं ठरलं. चेहरा कुणाचा? सासुरवाडीच्या भिंतीवर एका मुलीचा मुखवटा टांगलेला होता, तो त्यांना आठवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या अनोळखी मुलीचा तो मुखवटा, असं सांगतात. बुडालेल्या माणसाचा चेहरा इतका टवटवीत राहत नाही, असा आक्षेप जाणकार घेतात, आणि मलाही तो पटतो. पण खरी असो वा खोटी, पाण्यात गेलेली म्हणून जिची आख्यायिका झाली त्या पोरीच्या तोंडात १९६०पासून जगभरची माणसं श्वास फुंकत आहेत. हृदय बाहेरून दाबण्याची पद्धतही त्याच सुमारास पुढे आली, म्हणून पीटर साफर या डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिच्या छातीत स्प्रिंग बसली.

मॅडमनी मलाही गुडघ्यावर बसवलं. कोपरं ताठ, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, तीसनंतर दोन श्वास. दुसऱ्या तिसात माझ्या कमरेने राजीनामा दिला. "ताई, जोर कमी पडतोय, टिक आवाज येत नाहीये," मागून एक ब्रदर नम्रपणे म्हणाला. पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात, आणि वॉर्डातल्या आयांना मावशी, वॉर्डबॉयना मामा. महाराष्ट्रातल्या दवाखान्यात नुसती हाक ऐकली तर लग्नघरात आल्यासारखं वाटतं.

इतिहास एका दमात सांगते, कारण संपादकांनी तो मागितलाय. १८८६मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल उघडलं आणि एडिथ पीची या डॉक्टरबाईंनी तिथे परिचारिकांचं शिक्षण चालवलं. पुण्यात १९०९मध्ये सुरू झालेल्या सेवासदनातर्फे रमाबाई रानड्यांनी, चार घरची बोलणी खाऊन, बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. नर्सिंगची पदवी १९४६मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला आली, मुंबईत १९६४मध्ये एसएनडीटी महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज निघालं. १९९८पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे. सेवासदनावर खरं तर वेगळा लेख हवा.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला. सत्रपद्धती आली आणि स्किल लॅबचं वजन वाढलं. श्वास घेणाऱ्या, नाडी लागणाऱ्या, संगणकावरून घाम फोडता येणाऱ्या बाहुल्याही बाजारात आहेत. एका कॉलेजात मला तशी दाखवली, ती प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट कुलपात. "इन्स्पेक्शनला काढतो," असं मोठ्या अभिमानाने सांगितलं गेलं. लाखोंची बाहुली पैठणीसारखी घडी मोडायची नाही म्हणून जपलेली, आणि मुली शेजारच्या खोलीत फाटक्या डमीच्या नाकातून पोटात रायल्स ट्यूब घालत होत्या. मला विचाराल तर टिकली लावलेल्या आजी शंभर पटीने बऱ्या. बाहुली वापरून झिजली पाहिजे.

आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. चादरीला पाकिटासारखे कोपरे घालायचं, खाली मॅकिंटॉश सुरकुती न पडता पसरायचं तिनेच मला झोपल्या झोपल्या शिकवलं. (मॅकिंटॉश म्हणजे रबरी कापड, चार्ल्स मॅकिंटॉश नावाच्या स्कॉटिश रसायनज्ञाने १८२३मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या देशात त्याचे रेनकोट झाले, आमच्याकडे तो वॉर्डात राहिला.) एकदा घाईत मी न बोलताच तिला कुशीवर वळवायला घेतलं. तिने माझं मनगट धरलं. "आधी सांगायचं गं. मी काय गाठोडं आहे?" तेव्हा मला तो आजारपणातला चिडचिडेपणा वाटला होता. ती चेकलिस्टची पहिली ओळ आहे, हे त्या लॅबमध्ये कळलं.

तेवढ्यात हॉलमधून माइकवर पुकारा झाला. पाहुणे आले होते. मॅडम पुढे धावल्या, तीन मुलीही टोप्या सावरत पळाल्या. चौथी, ती मघाची, बेसिन रिकामं करत थांबली. तोंड पुसताना आजींची टिकली सुटून पाण्यात गेली होती. "चल की गं, रांग लागली!" बाहेरून हाक आली. तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, आधी एक मोठी लावून पाहिली, ती काढली, मग मरून रंगाची छोटी लावली. "येते हं आजी," म्हणाली, आणि पडदा सारून धावत सुटली.