गोधडींतील आठ टोकांची चांदणी

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें, तेव्हां श्रीवर्धन व म्हसळा या भागांतील असंख्य घरांचीं छपरें उडालीं. आमच्या घराचींहि कौलें गेलीं, आणि माळ्यावरील पत्र्याच्या पेटींत आजीचीं जीं सात लुगडीं ठेविलेलीं होतीं तीं भिजलीं. घर शाकारण्याच्या गडबडींत त्या पेटीकडे कित्येक दिवस कोणाचें लक्ष गेलें नाहीं. उघडून पाहतों तों गडद रंग फिक्या रंगांत उतरलेले, घडीच्या जागीं कापड कुजलेलें. वांचलें तें वीत-दीड वीत लांबीच्या तुकड्यांचें एक गांठोडें. आजी त्यापूर्वीं दोन वर्षें वारली होती. हें कापड बाजारांत पुन्हां मिळणारें नव्हतें, म्हणून त्याची गोधडी करावी असें ठरलें, आणि ती करतांना जें शिकावें लागलें तें येथें लिहीत आहें.

आमच्याकडील गोधडी मोठी उदार असते. जुन्या लुगड्याची किंवा धोतराची बैठक अंथरावी, तिच्यावर हातीं येतील ते तुकडे कडा आंत मुडपून मांडावे, आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जावें. माप चुकलें तरी शेजारचा तुकडा तें झांकून घेतो. हिलाच कोठें वाकळ म्हणतात, कर्नाटकांत कौदी म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूर या बाजूस राहणाऱ्या सिद्दी समाजांतील स्त्रिया ‘कवंदी’ या नांवानें ती शिवतात, आणि तिच्या चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांचीं लहान फुलें बसवितात. म्हसळा १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानांत होता व तेथील नबाब सिद्दी होते, त्यामुळें हें वाचून आमच्या वाचकांस जवळीक वाटेल. परंतु हे दोन समाज भिन्न होत. उत्तर कन्नडमधील सिद्दी बहुतांशीं पोर्तुगीजांच्या गोव्यांतून आलेल्यांचे वंशज आहेत.

मला मात्र साध्या मांडणीवर समाधान मानवेना. अमेरिकेंतील स्त्रिया आठ टोकांची एक चांदणी शिवतात. न्यू ऑर्लीन्स शहर १७१८ सालीं वसविणाऱ्या ल मॉइन घराण्याचें नांव तिला दिलेलें आहे, आणि उत्तरेकडील बायकांच्या तोंडीं त्याचा अपभ्रंश होऊन ती लिंबाची चांदणी झाली असें सांगतात! शंकरपाळ्याच्या आकाराचे आठ तुकडे टोकास टोक लावून मध्यबिंदूभोंवतीं जोडावयाचे, व मधल्या खांचांत फिकें कापड बसवावयाचें. चित्र पाहून हें फार सोपें वाटलें. मीं दोन लुगड्यांचे उत्तम राहिलेले भाग कापले, शिवले, आणि जमिनीवर पसरले. तर मध्यभाग उपड्या वाटीसारखा वर आलेला. ते तुकडे वायां गेले. आजीच्या हिरव्या लुगड्यांतील तर त्यानंतर फारसें कांहीं उरलेंच नाहीं.

चूक कोठें झाली तें पुढें कळलें. वर्तुळाचे अंश ३६०. आठांनीं भागल्यास प्रत्येक शंकरपाळ्याचें टोक बरोबर ४५ अंशांचें हवें. प्रत्येक टोक एकाच अंशानें लहान झालें तरी आठ मिळून आठ अंश कमी पडतात, आणि ते आठ अंश सपाट पृष्ठभागावर भरून निघत नसल्यामुळें कापड मध्यभागीं वर उचलतें. दुसरी अडचण धाग्यांची. कापड उभ्या व आडव्या धाग्यांच्या दिशेनें ओढलें तर तें फारसें ताणलें जात नाहीं. तिरपें ओढलें कीं लांबतें. शिंपी या तिरप्या दिशेस उरेब म्हणतात. शंकरपाळ्याच्या चार बाजूंपैकीं दोन बाजू उरेब येतात, आणि जीर्ण लुगड्याची उरेब कड नुसत्या हाताळण्यानें लांबते. तिसरें म्हणजे खांचेंतील फिका तुकडा: त्याची शिवण मध्येंच थांबवून दिशा बदलावी लागते, व तेथें सुईच्या एका टोंचणीचा फरकहि दिसून येतो.

तेव्हां मीं वहीच्या चौकटीच्या कागदावर तीच चांदणी पुन्हां काढून पाहिली. १२ इंचांचा एक चौकोन घ्यावा व त्याचीं उभीं-आडवीं मिळून १६ घरें करावीं. चार कोपऱ्यांचीं घरें फिक्या कापडाचीं, साधीं. बाकीच्या बारा घरांना एकेक कर्ण काढून दोन दोन त्रिकोण करावे. मधल्या चार घरांचे कर्ण मध्यबिंदूस मिळतात. प्रत्येक बाजूवर जीं दोन घरें उरतात त्यांचे कर्ण आंतून बाहेर जातां जातां फांकतात, व त्यांच्यामध्यें फिक्या रंगाचा एक त्रिकोण, टोक आंत व पाया बाहेर, असा दिसतो. आतां चांदणीचा प्रत्येक हात दोन त्रिकोणांचा झाला: एक मधल्या घरांतला, एक त्याला लागून असलेल्या बाहेरच्या घरांतला. हे हात मूळच्या शंकरपाळ्यांहून किंचित् लांबट दिसतात, हें खरें. परंतु थांबणाऱ्या शिवणी गेल्या, सर्व शिवणी सरळ झाल्या, आणि एक हात दोन निरनिराळ्या लुगड्यांचा करण्याची मोकळीक मिळाली. वीतभर तुकड्यांचें काम करणाऱ्यास हीच मोकळीक हवी असते.

त्रिकोण सुटे कापूं नयेत, नाहीं तर उरेब कड पुन्हां हातांत येईल. दोन निराळ्या रंगांचे ४ इंचांचे चौकोन सुलट बाजू आंत ठेवून एकमेकांवर घालावे, पेन्सिलीनें एक कर्ण आंखावा, त्याच्या दोन्ही अंगांस पाव पाव इंचावर शिवण घालावी, आणि मग आंखलेल्या रेषेवर कापावें. उरेब कड जन्मास येते तीच शिवणींत बांधलेली. उघडल्यावर दोन घरें तयार मिळतात. तीं साडेतीन इंचांवर नीट छाटून घ्यावीं. पाव इंच माया चोहोंकडून जाऊन घर तीन इंचांचें राहतें. इस्त्री वरून दाबावी, ओढूं नये.

एका चांदणीस ४ इंचांचे गडद ४, मध्यम ४ व फिके ४ असे चौकोन लागतात, आणि कोपऱ्यांसाठीं साडेतीन इंचांचे फिके ४. गडदाच्या दोन जोड्या फिक्याशीं, मध्यमाच्या दोन जोड्या फिक्याशीं, आणि उरलेले दोन गडद दोन मध्यमांशीं जोडले कीं बारा घरें पुरीं होतात. हात एक गडद, एक मध्यम असे आळीपाळीनें येतात.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गडद म्हणजे अमुक रंग नव्हे. जांभळा, गर्द हिरवा, काळसर तांबडा हे सर्व एका रांगेंत बसतात; पिंवळा व आकाशी दुसऱ्या रांगेंत. एकच कापड पुरेसें नसतांना चांदणी ओळखूं येते ती या उजेड-अंधाराच्या फरकामुळें, रंगाच्या सारखेपणामुळें नव्हे. डोळे अर्धवट मिटून ढीग पाहिले असतां हा फरक कळतो. हातांतील फोननें रंगहीन छायाचित्र घेतल्यास अधिक चांगला कळतो. माझा एक तांबडा तुकडा, जो मी गडद समजत होतें, तो त्या चित्रांत सरळ मध्यमांत जाऊन बसला.

जुन्या कापडाची परीक्षाहि आधींच करावी. उजेडासमोर धरून जेथें धागे विरळ दिसतील तो भाग टाकावा. दोन्ही अंगठ्यांनीं हलकें ताणतां जें चरचरतें तें गोधडींत एक पावसाळाहि टिकणार नाहीं. थोडेंसें नाजूक असेल त्यामागें धुतलेल्या मलमलीचा चौकोन टांचून दोन्ही मिळून एकच कापड समजावें. लुगड्याचा कांठ जाड असतो. तो टोकांत आल्यास शिवण गोळा होते, यास्तव कांठ बाजूस काढून ठेवावे.

आमच्या गांठोड्यांतून ७२ चौकोन निघाले, म्हणजे नऊ चांदण्यांपुरते. फिकें कापड लुगड्यांत जवळजवळ उरलेंच नव्हतें, तें आजोबांच्या धोतरांचें घेतलें. तीन ओळींत तीन अशा त्या नऊ चांदण्या गोधडीच्या मध्यभागीं आहेत, भोंवतीं कांठांच्या पट्ट्या आहेत, आणि त्यापुढें कडेपर्यंत आमची नेहमींची मांडणी, माप न घेतलेली. धावदोरा आईनें घातला. खालच्या ओळींतील एका चांदणीचा एक हात हिरवा आहे. त्या लुगड्याचे तेवढे दोनच त्रिकोण निघाले.