हजार वॅटची थाप

वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी, घरासाठी साउंड सिस्टिम घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅटची?" खोक्यावर '२००० वॅट पीएमपीओ' दिसलं की लगेच खिशात हात जातो.

गैरसमज: वॅट जास्त, तेवढा आवाज चांगला.

वस्तुस्थिती: पीएमपीओ (क्षणभराची कमाल शक्ती) मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही; छापणारा हवा तो आकडा छापतो. पटत नसेल तर यंत्राच्या पाठीवरचा वीजवापर वाचा. ६० वॅट खाणारं यंत्र सतत २००० वॅट देणार कुठून? असल्या आकड्यांना आवर घालायला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच नियम केला. आपण निदान आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे, वॅट किती आणि किती ओहमच्या स्पीकरवर, एवढं तरी विचारावं!

आकडा खरा असला तरी शक्ती दुप्पट केल्यावर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. साधारण स्पीकर १ वॅटवर, १ मीटर अंतरावर ८५ ते ८८ डेसिबल देतो. बैठकीत रोजचं ऐकणं तेवढ्यात भागतं. तबल्याच्या जोरकस थापेसाठी ४०-५० खरे वॅट पुरे.

मग पैसा कुठे घालायचा? स्पीकरमध्ये. आवाजात सर्वाधिक फरक स्पीकर आणि खोली पाडतात. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडात केलेल्या, स्पीकर झाकून ऐकवण्याच्या चाचण्या हेच सांगतात. ४०,००० रुपये असतील तर माझी वाटणी अशी: स्पीकरची जोडी २२,०००, ॲम्प्लिफायर १२,०००, उरलेले ६,००० स्टँड, वायर आणि डॅकसाठी (डिजिटल संगीताचं ॲनालॉग संकेतात रूपांतर करणारं यंत्र). खोलीत टाइल्स आणि उघड्या भिंती असतील तर सतरंजी, जाड पडदे, कापसाची गादी वापरा. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात याहून स्वस्त सुधारणा नाही.

इतर गैरसमज, थोडक्यात

- महाग केबलने आवाज खुलतो: १.५ चौरस मिलिमीटरच्या ३ मीटर तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रोध ०.१ ओहमहूनही कमी असतो, म्हणजे साधी वायर पुरे.
- स्पीकर कोपऱ्यात शोभतात: कोपऱ्यात बेस फुगतो आणि गायकाचे शब्द बुडतात.
- बंद शोकेसमध्ये ॲम्प्लिफायर टिकतो: आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, वर-मागे हवा खेळू द्या.
- सीडी जुनी, म्हणून कमी दर्जाची: सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झ नमुनादरात माणसाला ऐकू येणारी पूर्ण पट्टी मावते.

नागपूरला सीताबर्डीत खरेदीला गेलात तर ओळखीचं गाणं सोबत न्या आणि पसंतीच्या दोन स्पीकर-जोड्या सारख्याच मोठ्या आवाजात वाजवायला लावा. किंचित मोठा आवाजही कानाला सरस वाटतो आणि निवड तिथेच चुकते.