दोन पायऱ्या आणि एक टेबल



गेल्या महिन्यात तालुक्याच्या एका गावाहून पत्र आले. लिहिणारे गृहस्थ शेतकरी आहेत. त्यांच्या अठरा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही पायांत जन्मापासून बळ नाही. ते लिहितात, "मुलीचा दाखला काढला, एसटीची सवलतही मिळाली. पण दवाखान्यात नेले की डॉक्टर बाहेर येतात, रिक्षातच पाहतात आणि औषध लिहून देतात. ही त्यांची मेहेरबानी समजायची की हेळसांड?"

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात शोधावे लागले नाही. एके काळी मीही असाच डॉक्टर होतो.

माझ्या हातून घडलेली चूक

२००६ सालची गोष्ट. मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. पन्नाशीच्या एक बाई यायच्या. लहानपणी पायांवरून वारे गेलेले. भाचा त्यांना सायकलच्या कॅरियरवर बसवून आणायचा. केंद्राच्या दोन पायऱ्या त्या हातांवर जोर देत, बसल्या बसल्या सरकत चढायच्या. पाळी बंद होऊन चार वर्षे झाली होती आणि आता मधूनच अंगावरून रक्त जात होते. तपासणीचे टेबल माझ्या कमरेएवढे उंच. सिस्टर त्या दिवशी लसीकरणाला गेलेल्या.

"वर कशी चढू, डाक्टर सायेब? ऱ्हाऊ द्या. गोळ्या द्या," त्या म्हणाल्या.

मी गोळ्या दिल्या. "मावशी, पुढच्या वेळी सिस्टर असल्या की नीट तपासू," असेही म्हणालो. आठ महिन्यांत असे तीन वेळा झाले. शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासणी झाली, तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. शेक दिले. दीड वर्षाने त्या गेल्या.

पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, मग ते थेंबभर का असेना, तर आतून तपासणी झालीच पाहिजे. हे मला चांगले ठाऊक होते. लवकर तपासले असते तर त्या नक्की वाचल्या असत्या, असे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ते आठ महिने त्या टेबलापायी गेले आणि माझ्यापायी गेले.

छोट्या निधीचे मोठे काम

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले. त्यात अबंधित निधी नावाची एक चांगली सोय होती. उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपये, प्राथमिक आरोग्य केंद्राला २५,००० रुपये आणि गावच्या आरोग्य समितीला १०,००० रुपये. उपकेंद्राचे पैसे नर्सबाई आणि सरपंच यांच्या संयुक्त खात्यात. पगार किंवा वाहन खरेदी यांवर ते खर्च करता येत नसत. पण पडदे, नळ, दिवे, किरकोळ दुरुस्ती यांसाठी वरच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नसे.

पहिल्या वर्षी आम्ही पडदे, ट्यूबलाइट आणि एक कपाट घेतले. त्या बाईंचे निदान झाल्यावर, २००७ साली, मी बैठकीत उताराचा रस्ता, म्हणजे रॅम्प, बांधण्याचा विषय काढला. एक सभासद म्हणाले, "साहेब, असे पेशंट महिन्याला एखादाच येतो. त्याला चार माणसे उचलतील की."

मी नर्सबाईंना गावोगाव यादी करायला सांगितले. पोलिओ झालेले, पक्षाघाताने एक बाजू गेलेले, आंधळे, मुके-बहिरे, झाडावरून पडून कमरेखाली बधिर झालेले. यादीने फुलस्केपची दोन पाने भरली. यांतले बहुतेक आमच्याकडे कधी आलेच नव्हते. सभासदांनी यादीत आपापल्या गावची नावे वाचली आणि ठराव मंजूर झाला.

पुढची चूकही माझीच. जागा वाचावी म्हणून गवंड्याने सहा फुटांत उतार बसवला आणि वर सिमेंटची छान गुळगुळीत घोटाई केली. आम्ही खूश. पहिल्याच आठवड्यात तीनचाकी सायकलवरचे एक गृहस्थ आले. निम्म्यात चढले आणि मागे घसरले. सिस्टरनी मागून धरले म्हणून बरे. ते हसून म्हणाले, "डॉक्टर, हे बांधण्याआधी मला एकदा विचारले असते तर?"

उतार फोडला आणि त्यांच्या देखत पुन्हा बांधला. हिशेब सोपा आहे. एक फूट उंची चढायची असेल तर उतार बारा फूट लांब हवा. आमच्या दोन पायऱ्या मिळून फूटभर होत्या, म्हणजे बारा फूट. रुंदी चार फूट, वर गाडी वळवायला पाच फुटांची सपाट जागा, पृष्ठभाग खरखरीत, दोन्ही बाजूंना धरायला पाइपचे कठडे आणि चाक घसरू नये म्हणून कडेला वीटभर उंचवटा. अडगळीतल्या एका लाकडी टेबलाचे पाय सुताराने कापून उंची दीड फुटावर आणली. खुर्चीतून सरकून त्यावर सहज बसता येई. तपासताना मला वाकावे लागे आणि संध्याकाळी कंबर धरे. पण त्यानंतर "पुढच्या वेळी पाहू" असे म्हणण्याची पाळी आली नाही.

दोनदा बांधूनही सारा खर्च त्या वर्षीच्या २५,००० रुपयांतच भागला.

आज कायदा काय म्हणतो

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांतल्या सुमारे २९ लाख ६३ हजार आपल्या महाराष्ट्रात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले. या कायद्याचे पंचविसावे कलम प्रत्येक घरात माहीत असायला हवे. सरकारी असो वा खासगी, दवाखान्याच्या प्रत्येक भागात दिव्यांगांना विनाअडथळा जाता आले पाहिजे आणि तपासणी व उपचारांत त्यांना प्राधान्य मिळाले पाहिजे, असे ते सांगते.

पैशाची वाटही आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. पूर्वी तो तीन टक्के होता, नव्या कायद्यानंतर पाच टक्के झाला. हा निधी व्यक्तीला मदत म्हणून देता येतो, तसाच सार्वजनिक इमारतींत रॅम्प, कठडे, योग्य संडास अशा सामूहिक कामांनाही वापरता येतो. बहुतेक गावांत तो थोडा थोडा वाटून संपतो. वाटपाला माझा विरोध नाही. पण दर वर्षी त्यातला काही भाग दवाखान्याच्या दारासाठी ठेवला, तर त्याचा उपयोग वर्षानुवर्षे होईल.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. बाह्यरुग्ण उपचार, थेरपी आणि दवाखान्यात जाण्या-येण्याचा काही खर्चही त्यात धरला आहे.

पैशाविना होणारी कामे

काही गोष्टींना दमडीही लागत नाही.

* उभे राहता येत नाही म्हणून वजन राहून जाते आणि औषधाचा डोस अंदाजाने ठरतो. रेशन दुकानाच्या मोठ्या काट्यावर खुर्चीसकट वजन करा आणि खुर्चीचे वजा करा.
* बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलू नका. उजेडात समोरासमोर बसा, सावकाश बोला, जमेल तिथे लिहून किंवा चित्र काढून दाखवा.
* अंध रुग्णाच्या सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटाला एक रबरबँड लावा आणि रात्रीच्या पाकिटाला दोन.
* कमरेखाली बधिर असलेल्याची पाठ आणि माकडहाड रोज पाहा. जखम झाली तरी त्याला दुखत नाही, म्हणून ती वाढत जाते.
* दुखणे रुग्णाला विचारा. सोबत आलेल्या माणसाला नंतर विचारा.

पत्रलेखकांना उत्तर

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. सर्दी-पडशाला बाहेर येऊन औषध देणारा डॉक्टर चांगला माणूस असू शकतो. पण रिक्षात पोट दाबून पाहता येत नाही, वजन होत नाही आणि वयात आलेल्या मुलीला रस्त्यावर मनातले बोलताही येत नाही. म्हणून तिची तपासणी आत, टेबलावर, पडद्याआड झाली पाहिजे. तो तिचा हक्क आहे.

ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करा. अर्जात तीनच गोष्टी मागा: दिव्यांग निधीत या वर्षी किती रक्कम जमा आहे, त्यातली किती खर्च झाली, आणि आरोग्य केंद्राच्या रॅम्प व टेबलासाठी किती देता येईल. एक प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या, कारण त्यांच्या रुग्ण कल्याण समितीतही काही तरतूद निघू शकते. दोन्ही प्रतींवर पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय मांडा. गावातल्या इतर दिव्यांगांना सोबत न्या. कुठे किती उंची हवी, हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही.

मुलीलाही ग्रामसभेला आणा. तारीख मला कळवा, मी येतो. मोजायचा टेप मी घेऊन येईन.